हिरोशिमाची आई आणि भायखळ्याची मावशी
(चित्रपट परीक्षण : 'आसा गा कुरू', जपान, २०२०)



या वेळी एका जपानी चित्रपटाविषयी लिहिते आहे. नाव 'आसा गा कुरू', म्हणजे 'सकाळ होते'. दिग्दर्शिकेचे नाव नाओमी कावासे. नाओमी हे नाव ऐकून मी आधी हसले. आपल्या घरोघरी नाओमी आहेत, पण जपानी नाओमीचा आपल्या नाओमीशी संबंध नाही, ते त्यांच्याच भाषेतले नाव आहे. चित्रपट पाहून झाल्यावर मात्र मला पुन्हा रूथच्या पुस्तकातली नाओमी आठवली. ते पुढे सांगते.

माझ्या नातीने हा चित्रपट संगणकावर लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरे भराभर जात होती, ती वाचून नात मला हिब्रूत सांगत होती आणि मी मनातल्या मनात मराठीत ऐकत होते. दोन तास वीस मिनिटांचा चित्रपट आम्ही दोन शबातच्या रात्री, हवदाला झाल्यावर, अर्धा अर्धा करून पाहिला. तुम्हीही तसाच पाहा, एका बैठकीत पाठ दुखते.

विषय दत्तक मुलाचा आहे. ज्या बाईने पोटात वाढवले ती आई, की जिने अंगाखांद्यावर वाढवले ती? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. देवकी-यशोदेच्या गोष्टी ऐकत आपण कोकणात वाढलो आणि मोशे रब्बेनूंची गोष्ट तर आपली स्वतःचीच. तरीही या चित्रपटाने मला जुन्या प्रश्नाची एक बाजू दाखवली, जी मी पंचाहत्तर वर्षांत धीटपणे पाहिली नव्हती.

आधी कथा. सातोको आणि कियोकाझू हे सुस्थितीतले जोडपे. मूल होत नाही, दोष नवऱ्यात आहे असे डॉक्टर सांगतात. उपचारांसाठी विमानाने दूर उत्तरेला साप्पोरोला जायचे ठरते, पण त्या धावपळीत दोघेही थकून जातात आणि उपचार सोडून देतात. एके दिवशी दूरदर्शनवर 'बेबी बॅटन' नावाच्या संस्थेची माहिती दिसते. शर्यतीत एक धावणारा दुसऱ्याच्या हाती काठी देतो, ती बॅटन. ज्यांना मूल वाढवता येत नाही त्यांच्या हातून ते ज्यांना हवे आहे त्यांच्या हाती द्यायचे, असा नावाचा अर्थ. संस्थेच्या अटी कडक आहेत. दोघांपैकी एकाने नोकरी सोडून मुलाजवळ राहायचे, मुलगा की मुलगी हे निवडायचे नाही, आणि मूल शाळेत जाण्याआधी त्याला खरे सांगायचे.

मूल येते. नाव आसातो. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला ठाऊक असते की आपल्याला दोन आया आहेत. एक घरची आणि एक 'हिरोशिमाची आई', कारण त्याचा जन्म हिरोशिमाजवळच्या बेटावर झाला. आणि एके दिवशी घरचा फोन वाजतो. पलीकडची मुलगी म्हणते की मी त्याची आई आहे, मूल परत द्या, नाही तर पैसे द्या.

इथे थोडे थांबून जपानची रीत सांगते, कारण ती कळल्याशिवाय या फोनची धास्ती कळत नाही. दत्तक घेणे जपानात जुनेच आहे, पण तिथली बहुतेक दत्तके मोठ्या माणसांची असतात. दुकान चालवायला, आडनाव टिकवायला जावयालाच मुलगा करून घेतात. तान्हे मूल परक्या घरी देणे मात्र लपवाछपवीचे काम होते. इशिनोमाकी गावातल्या नोबोरू किकुता नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने १९७३ साली वर्तमानपत्रात जाहिरात दिली की एका तान्ह्या मुलासाठी आईबाप हवे आहेत. मग उघड झाले की त्याने अशी सुमारे शंभर बाळे निपुत्रिक जोडप्यांना दिली होती, आणि जन्माच्या दाखल्यावर त्या जोडप्यांनाच जन्मदाते म्हणून लिहिले होते. कायद्याने तो गुन्हा होता. डॉक्टरचे म्हणणे असे, की नाही तर ही बाळे जन्मालाच आली नसती, आणि कुमारी मातेच्या नोंदवहीवर कायमचा डाग राहिला असता. देशभर वाद झाला. अखेर १९८७ साली कायदा बदलला आणि १९८८ पासून 'विशेष दत्तक' पद्धत सुरू झाली. तिच्यात जन्मदात्रीशी कायद्याचे नाते पुरते संपते आणि मूल नव्या घरचे पोटचे मूल म्हणून नोंदले जाते. आधी सहा वर्षांखालील मुलांनाच ती लागू होती, २०२० पासून पंधरा वर्षांखालील मुलांनाही लागू झाली.

पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असेही सांगितले की जिच्या पोटातून मूल आले तीच कायद्याने आई. अमेरिकेत दुसऱ्या बाईच्या उदरात वाढवलेल्या जुळ्यांचा तो खटला होता. बीज जपानी बाईचे होते, तरी ती आई ठरली नाही. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडाच्या छोट्या डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. ज्या समाजात नाळ डबीत ठेवतात, तिथे नाळ नसलेल्या आईला काय वाटत असेल, याचा विचार करा. म्हणून तो फोन वाजतो तेव्हा सातोकोच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते.

सातोकोची भूमिका हिरोमी नागासाकू यांनी केली आहे. फार संयत काम. आरंभीच एक प्रसंग आहे. बालवाडीतून निरोप येतो की आसातोने मित्राला खेळाच्या सांगाड्यावरून ढकलले. मूल म्हणते, मी नाही ढकलले. सातोको त्याच्यावर विश्वास ठेवते, दुसऱ्या मुलाच्या आईचा रोष पत्करते. पण एक क्षणभर तिच्या डोळ्यांत शंका येऊन जाते. पोटच्या मुलाबद्दलही प्रत्येक आईला कधी तरी अशी शंका येते, हे आपण आजीबाईंना ठाऊक आहे. दत्तक आईला मात्र त्या शंकेची दुप्पट लाज वाटते. 'माझे असते तर मला कळले असते का?' हा प्रश्न ती उच्चारत नाही, पण प्रेक्षकाला तो ऐकू येतो. पुढे कळते की आसातो खरेच बोलत होता.

मग चित्रपट मागे जातो आणि त्या फोनवाल्या मुलीची गोष्ट सांगतो. हाच त्याचा मोठेपणा. दुसऱ्या कोणी हा चित्रपट केला असता तर ती खलनायिका झाली असती, नाही तर दोन अश्रू गाळून निघून गेली असती. कावासे तिच्याबरोबर जवळजवळ अर्धा चित्रपट राहतात. तिचे नाव हिकारी, वय चौदा. वर्गातल्या एका मुलावर जीव जडलेला. पोट राहिल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. घरचे लोक तिच्यावर ओरडतात, मग सगळे गुपचूप ठरवतात. तिला बेटावरच्या घरी पाठवतात. तिथे तिच्यासारख्याच आणखी मुली आहेत. संस्था चालवणारी बाई (मियोको आसादा) त्यांना जेवू घालते, वाढदिवस साजरे करते. हिकारी पोटावर हात ठेवून समुद्राकडे पाहत बाळाशी बोलते. आजू माकिता या तरुण नटीने हे काम इतके सहज केले आहे की नात आणि मी, दोघी गप्प झालो.

बाळ दिल्यावर ती घरी परतते. सर्वांची अपेक्षा एकच, काही झालेच नाही असे समजून शाळेत जावे. शरीराला ते कसे कळावे? बाळंतीण झालेल्या मुलीच्या अंगाला बाळंतपण ठाऊक असते, घरच्यांनी मान्य केले काय नि न केले काय. तिला कोणी तेल लावत नाही, शेक देत नाही, डिंकाचा लाडू करत नाही. बाळंतिणीची काळजी घ्यायची तर बाळंतपण झाले हे आधी मान्य करावे लागते, आणि तिच्या घरी तेच कोणाला करायचे नव्हते. तिच्या आईवडिलांचे खरे पाप मला तिथे दिसले. मूल दिले हे पाप नव्हे. चौदा वर्षांची मुलगी मूल कशी वाढवणार? मुलीचे आईपण पुसून टाकले, ते पाप.

हिकारी घर सोडते, दारोदार वर्तमानपत्रे टाकण्याचे काम करते. तिच्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज काढते आणि वसुलीवाले तिच्या मागे लागतात. म्हणून तो फोन. (हा कर्जाचा भाग मला ओढून आणलेला वाटला. मुलीचे दुःख पुरेसे होते, तिला गुंडांच्या तावडीत देण्याची गरज नव्हती. कथा मिझुकी त्सुजिमुरा यांच्या २०१५ सालच्या कादंबरीवरून घेतली आहे. वाचताना असे वळण खपून जाते, पडद्यावर ते खुपते.)

ती घरी येते तेव्हा केस रंगवलेले, चेहरा उतरलेला. सातोको आणि कियोकाझू तिला ओळखतच नाहीत. त्यांच्या आठवणीतली हिकारी म्हणजे बाळ देताना हात धरून रडणारी, क्षमा मागणारी, आभार मानणारी आणि एक पत्र हाती देणारी लहानगी. ते म्हणतात, तू ती नव्हेस. तिने धमकी दिलेली असते की मूल दत्तक असल्याचे सगळ्यांना सांगेन. पण ते तर शेजारीपाजारी, शाळेत, खुद्द मुलालाही ठाऊक आहे! खरे सांगून टाकणाऱ्या घराला धमकी लागू पडत नाही. हिकारीचा सारा जोर तिथेच संपतो. ती वाकून क्षमा मागते आणि आपण त्या मुलाची आई नसल्याचे सांगून निघून जाते.

हा प्रसंग पाहताना शलोमो हामेलेखचा निवाडा कोणाला आठवणार नाही? जपानमध्येही हुबेहूब तशी गोष्ट सांगतात. ओओका तादासुके नावाचा एदो शहरचा नामांकित न्यायाधीश अठराव्या शतकात होऊन गेला. त्याच्यापुढे दोन बाया एका मुलासाठी भांडत येतात. तो म्हणतो, एकेक हात धरून ओढा, जी जिंकेल तिचे मूल. मूल रडू लागते आणि एक बाई हात सोडून देते. न्यायाधीश म्हणतो, जिने सोडले तीच आई. तिथे तलवार नाही, ओढाताण आहे, एवढाच फरक.

या चित्रपटात मात्र मुलाला कोणीच ओढत नाही. हिकारीने एकदा बेटावर हात सोडला, दुसऱ्यांदा सातोकोच्या घरी सोडला. त्या जुन्या निवाड्याने पाहिले तर आई ती ठरते. आणि मूल तर सातोकोच्या कुशीत झोपते, तिच्याच हातचे जेवते. म्हणजे निवाडा अपुरा पडतो. राजापुढे आलेल्या दोघींत एक खोटी होती, इथे दोघी खऱ्या आहेत. कावासे यांनी न्याय करायचे नाकारले, ते मला पटले.

आता न पटलेले सांगते. या चित्रपटात आसातो बाळ म्हणून घरी येतो आणि लगेच सहा वर्षांचा दिसतो. मधली सहा वर्षे कुठे गेली? दत्तक आई आणि मूल यांची शरीरे एकमेकांना कशी ओळखू लागतात, हेच तर पाहायचे होते. पहिल्या रात्री परक्या छातीशी बाळ कसे रडते, बाटलीतले दूध ओठांना कसे लावावे लागते, ताप आल्यावर मांडीवर घेऊन रात्र कशी काढावी लागते, आणि एक दिवस केवळ अंगाच्या वासाने बाळ शांत कसे होते. नाळेचे नाते नऊ महिन्यांत तयार होते. हाताचे नाते तयार व्हायला वर्षे लागतात. चित्रपट हिकारीचे नऊ महिने सावकाश दाखवतो, सातोकोची सहा वर्षे मात्र कोवळे ऊन, झाडांची पाने आणि समुद्र दाखवून उरकतो. ऊन सुंदर आहे, पण उन्हाने मूल मोठे होत नाही. त्यामुळे सातोकोचे आईपण आपण मानतो, तिच्या अंगावर उमटलेले पाहत नाही.

हे दाखवणे कावासे यांना जमत नाही असे मात्र नाही. उलट, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? त्या स्वतः आईवडिलांजवळ वाढल्या नाहीत. नारा शहरात त्यांच्या आजीच्या बहिणीने त्यांना वाढवले आणि दत्तक घेतले. त्या म्हातारीवर त्यांनी १९९४ साली 'काताचुमोरी' हा छोटा माहितीपट केला. म्हातारी अंगणात भाजी लावते आहे, कावासे खिडकीच्या काचेआडून तिला टिपताहेत. एक हात पुढे येतो, काचेवरून म्हातारीच्या आकृतीला कुरवाळतो. मग त्या बाहेर जातात आणि तोच हात तिच्या खऱ्या गालाला लागतो. एक शब्द नाही. दत्तक मुलीचे सगळे मन त्या बोटांत आहे.

२००६ सालचा त्यांचा 'ताराचिमे' याहून धीट आहे. नावाचा अर्थच ओघळलेल्या स्तनांची बाई, म्हणजे आई. नव्वदीच्या घरातल्या त्या म्हातारीला कावासे न्हाणीत दाखवतात, सुरकुतलेले अंग, ओघळलेली छाती. त्या छातीने कावासेंना दूध पाजलेले नाही. तरी कॅमेरा त्या अंगाकडे असा पाहतो जसे मूल आईकडे पाहते. त्याच चित्रपटात कावासे यांचे स्वतःचे बाळंतपण आहे, बाळ, नाळ, वार, सगळे. आणि त्याच चित्रपटात, कधीकाळी बोललेल्या कठोर शब्दांचा जाब त्या म्हातारीला विचारतात, तेव्हा पाहणाऱ्याला लाजल्यासारखे होते. प्रेमाबरोबर तक्रारही अंगात मुरलेली असते, हे तिथे दिसते. आपल्या वयाच्या काही वाचकांना ही दृश्ये संकोचाची वाटतील. मलाही वाटली. पण 'आसा गा कुरू'मध्ये जे नाही ते इथे आहे.

न्हाणीचे ते दृश्य पाहून माझे मन आपल्या गावाकडे गेले, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहायला बसले. मला माझ्या मावशीने वाढवले. अलिबागजवळच्या गावात ती आणि काका, मूलबाळ नाही. माझी जन्मदाती भायखळ्याला, मी तिची चौथी. बहिणीने बहिणीची ओटी भरली, कागद नाही, कोर्ट नाही. आपल्याकडे असे पुष्कळ घरांत झाले. मी मावशीला आई म्हणे आणि जिने जन्म दिला ती माझी 'भायखळ्याची मावशी'. दर नव्याच्या सणाला ती बोटीने येई, माझे केस विंचरून द्यायला बसे आणि विंचरता विंचरता तिचा हात थांबे. मला ओढ बसली असे वाटून मी म्हणे, दुखत नाही, विंचर. ती काही बोलत नसे.

मला खरे कळले ते लग्नाच्या आदल्या दिवशी. केतुबामध्ये वधूच्या बापाचे नाव कोणते लिहायचे यावरून आतल्या खोलीत वडील माणसे कुजबुजत होती. एकोणीस वर्षे मी ज्यांची लेक होते त्यांचे नाव तिथे चालत नव्हते. मी कोणावर रागावले नाही, रागवायची रीत नव्हती. पण भायखळ्याच्या मावशीला मी पुढेही मावशीच म्हणत राहिले. ती गेली तेव्हा मी इस्रायलमध्ये होते. शिवा कोणासाठी बसायचे, आईसाठी की मावशीसाठी, हे कोणाला विचारायचे धाडस मला झाले नाही. वाढवलेल्या आईला मात्र मी इथे आणले आणि शेवटची चार वर्षे माझ्या हाताने न्हाऊ घातले. तिच्या पाठीची प्रत्येक खूण मला ठाऊक होती. कुठली नाळ यापेक्षा जवळची असते?

म्हणून सांगते, हाताने जुळलेले नाते कच्चे नसते. आपल्या शास्त्रातही त्याला मान आहे. रूथला मुलगा झाला तेव्हा नाओमीने त्याला छातीशी धरले, तीच त्याची दाई झाली, आणि शेजारणींनी तो नाओमीचाच मुलगा मानला. शावुओतला आपण हे दर वर्षी ऐकतो. फारोच्या मुलीने मोशेला पाण्यातून काढून वाढवले, पण दूध त्याच्या जन्मदात्या योखेवेदनेच पाजले. दोघींपैकी एकीचेही नाव तोराच्या गोष्टीतून गाळता येत नाही. तालमूद म्हणतो की जो अनाथाला घरात वाढवतो त्याने जणू त्याला जन्मच दिला. मात्र हलाखा मुलाचा जन्मवंश पुसत नाही, केतुबात तोच लिहावा लागतो. तेव्हा मला तो नियम कठोर वाटला होता. आज वाटते, नियमाने खरे तेच मागितले होते. चूक ती खरे एकोणीस वर्षे लपवणाऱ्यांची.

दुसऱ्या दोन चित्रपटांशी तुलना केली तर कावासे यांचे वेगळेपण कळते. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या चित्रपटाला २०१३ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. जपानी नाव 'सोशिते चिची नि नारु', अर्थ 'आणि मग बाप होतो'. त्यात इस्पितळात दोन बाळांची अदलाबदल होते आणि सहा वर्षांनी ते उघडकीस येते. त्यातली आई स्वतःला बोल लावते की मी आई असून मला कसे कळले नाही. तिच्या अंगाने तिला काही सांगितले नाही, कारण अंग त्या वाढवलेल्या मुलाचेच झाले होते. पण तो चित्रपट मुख्यतः बापाचा आहे. आपल्या मराठीत २०१८ साली 'नाळ' आला, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. खेड्यातल्या चैत्याला कळते की आपली आई जन्मदाती नव्हे, आणि तो तिला मनातल्या मनात तपासू लागतो. देविका दफ्तरदार यांनी त्या आईची तगमग फार सुरेख दाखवली आहे. 'नाळ' मुलाच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून जन्मदाती दूरच राहते. कावासे त्या दूरच्या बाईपाशी जाऊन बसल्या. माझ्या पाहण्यातल्या दत्तकाच्या चित्रपटांत हे दुसऱ्या कोणी इतक्या सावकाशपणे केलेले नाही.

शेवटाकडे एक लहान गोष्ट आहे, आणि मला वाटते सारा चित्रपट तिच्यासाठीच आहे. हिकारीने बाळ देताना जे पत्र दिले होते, ते सातोको पुन्हा काढून पाहते. कागदावर पेन्सिलीने लिहून खोडरबराने पुसलेल्या एका ओळीच्या खुणा तिला दिसतात. ती ओळ काय होती हे मी इथे सांगणार नाही, तुम्हीच पाहा. एवढेच सांगते की त्या मुलीने मूल मागितले नव्हते, पैसे मागितले नव्हते. आपण होतो, एवढी आठवण ठेवा, असे काहीसे मागितले होते. आणि तेही लिहून स्वतःच पुसले होते. सातोको तिला शोधायला निघते, आसातोला बरोबर घेऊन. नावांची यादी सुरू झाली की संगणक बंद करू नका. अगदी शेवटी मुलाचा आवाज येतो, तो ऐका.

वाचकहो, आपण १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरून बसलो होतो, कारण आपल्याला लग्नासाठी वंशाचा पुरावा मागितला जात होता. रक्ताची चौकशी झाली की माणसाला काय वाटते हे आपल्याइतके कोणाला कळणार? तरीसुद्धा आपल्यातच, स्थळ बघताना, 'ती त्यांची स्वतःची का?' असे हळूच विचारणारे मी पाहिले आहेत. कदाचित मीही विचारले असेल. आपल्यापैकी काही घरांत अशी मुले आहेत, आता पन्नाशी-साठीची, ज्यांना अजून सांगितलेले नाही. या देशाच्या १९८१ च्या दत्तक कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक मुलाला आपली नोंद पाहू द्या असे मागता येते. पण आपली जुनी दत्तके कागदावर नाहीतच. ती आपल्याच आठवणीत आहेत. आपण गेलो की ती नोंदवहीही जाईल.

मी नातीला चित्रपट संपल्यावर भायखळ्याच्या मावशीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. ती म्हणाली, "सव्ता, मग माझ्या दोन पणज्या आहेत तिकडच्या?" मी म्हटले, हो. तिने दोघींची नावे विचारली, आणि मी ती दोन्ही सांगितली.

शालोम.